टाच उचलली तरी

श्रावस्तीने टॉर्च दातांत धरला आणि फायरप्लेसच्या मागच्या फटीतून अंग आत सरकवलं. विटा प्लायवूडवर रंगवलेल्या होत्या. पुढे लोखंडी जाळी, जाळीमागे कागदाचे निखारे, निखाऱ्यांखाली एक लाल बल्ब, आणि या सगळ्याच्या मागे एक माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा. तिथे एक उशी पडलेली होती, निळ्या चौकड्यांच्या अभ्र्याची. आईने ही उशी दोन वर्षं घरभर शोधली होती.

ती उशीवर बसली. मग उठली, उशी झटकली आणि पुन्हा बसली.

“आत कोण आहे?” पलीकडून कोणीतरी विचारलं.

ती काहीतरी बोलली, पण तोंडात टॉर्च होता. तो काढून तिने पुन्हा सांगितलं, “प्रॉम्प्टर.”

दर जानेवारीत लंडनहून सहा-सात नटांची एक कंपनी आखाताच्या फेरीवर यायची. बहरीन, दोहा, दुबई, मस्कत. बहरीनच्या हूरा भागातल्या या हॉटेलच्या बॉलरूममध्ये गोल टेबलं मांडली जायची. बहरीनमधले इंग्रज सहकुटुंब यायचे, जेवायचे आणि जेवता जेवता नाटक बघायचे. नाटकही ठरलेलं. एक म्हातारा निवृत्त न्यायाधीश आणि त्याचं घर विकायला निघालेली त्याची मुलं. न्यायाधीश व्हायचा लेनर्ड हॅसवेल. एकोणनव्वदपासून, एक्क्याण्णवचा आखाती युद्धाचा जानेवारी सोडला, तर त्यात खंड पडला नव्हता; यंदाची पाचवी फेरी. सेट परत नेणं परवडत नाही म्हणून तो वर्षभर हॉटेलच्या गोदामात पडून असायचा.

आणि फायरप्लेसच्या मागे असायचे हरिदास गजभिये. मूळचे कामठीचे, हॉटेलचे इलेक्ट्रिकल फोरमन. पहिल्या वर्षी तो लाल बल्ब सारखा दगा द्यायचा म्हणून त्यांना आत बसवलं होतं. बल्बची राखण करता करता त्यांना अख्खं नाटक पाठ झालं. एका प्रयोगात हॅसवेल अडला, आणि जाळीतून हळूच पुढचा शब्द आला. बल्ब पुढे दुरुस्त झाला. हरिदास मात्र तिथेच राहिले.

गेल्या महिन्यात, डिसेंबरच्या अकरा तारखेला, ते गेले. श्रावस्ती त्यांची मुलगी. त्याच हॉटेलच्या बँक्वेट ऑफिसात ती सेक्रेटरी होती.

कंपनी उतरली त्या दिवशी हॅसवेल थेट तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला होता. चौऱ्याहत्तर वर्षांचा, उंच, हातात हॅट. अवजड शब्द नाहीत, लांबण नाही. “मला विमानतळावर कळलं,” एवढंच तो म्हणाला. मग हॅटची कड बोटांनी फिरवत त्याने विचारलं, “त्यांची एक वही होती. ती आहे का?”

वही होती. मागच्या पानावर पाढे छापलेली, नागपूरहून आणलेली दोनशे पानी वही. आत सगळं नाटक, इंग्रजी वाक्यं देवनागरीत लिहिलेली, हॅसवेलचे शब्द निळ्या शाईत, इतरांचे काळ्या. मध्ये मध्ये लाल पेन्सिलीच्या खुणा आणि मराठीत बारीक शेरे. कंपनीतल्या कोणाला त्यातलं अक्षर लागणार नव्हतं. वही वापरायची तर वाचणारीही लागणार होती.

“सुरू करू या,” नवा दिग्दर्शक म्हणाला. त्याचं नाव गॅरेथ. तिशीतला, हसतमुख, आणि पहिल्याच दिवशी त्याने अट घातली होती. हॅसवेलने कानात एक बारीक यंत्र बसवावं, म्हणजे मागून वाक्यं सांगता येतील. हॅसवेलने ते यंत्र चिमटीत धरून उजेडात पाहिलं होतं आणि म्हणाला होता, “कानात गांधीलमाशी घेऊन मी न्यायदान करणार नाही.” मग गॅरेथने हसतच दुसरी अट सांगितली. शुक्रवारच्या प्रयोगात लेनर्ड कोलमडले, तर दोह्यापासून न्यायाधीश रॉजर करेल. रॉजर मोठ्या मुलाची भूमिका करत होता आणि न्यायाधीशाची वाक्यं त्याला पाठ होती. लेनर्डचं विमानाचं तिकीट लंडनचं निघेल.

हे सगळ्यांदेखत ठरलं होतं. हॅसवेल तेव्हा सफरचंद सोलत होता. त्याने साल न तुटू देता सोलणं पुरं केलं.

तालीम सुरू झाली. जाळीतून श्रावस्तीला जमिनीलगतची पट्टी तेवढी दिसत होती. गालिचा, खुर्च्यांचे पाय, माणसांचे बूट. हॅसवेलचे बूट तपकिरी होते, जुने, पॉलिश केलेले. पहिला अंक बरा गेला. दोनदा तो अडला, दोनदा तिने शब्द दिला, त्याने तो झेलला.

दुसऱ्या अंकात मुलगी न्यायाधीशाला विचारते, घराची कागदपत्रं कुठे आहेत? हॅसवेल गप्प झाला. श्रावस्तीने बोट ओळीवर ठेवलं होतं. तिथे लाल पेन्सिलीचं छोटं वर्तुळ होतं. तिने एक श्वास वाट पाहिली आणि शब्द दिला.

तपकिरी बूट गर्रकन वळले.

“मी विचार करत होतो!” हॅसवेल गरजला. तो आवाज चाळीस वर्षं मोठ्या थिएटरांच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवलेला होता, आणि आता तो दीड हाताच्या अंतरावरून आला. “विचार करायची मला परवानगी आहे की नाही? तुम्ही माझ्या तोंडातला घास काढून घेतलात, बाई!”

कोणीतरी हसलं. गॅरेथ म्हणाला, “पाहिलंत, लेनर्ड? म्हणून मी यंत्र म्हणत होतो.”

श्रावस्ती फटीतून बाहेर आली. गुडघ्यांना धूळ लागली होती, ती तिने झटकली नाही.

“मला तुमचा चेहरा दिसत नाही,” ती म्हणाली. “तिथून बूट दिसतात फक्त. तुम्ही विसरलात की विचार करताय, हे मी बुटांवरून ओळखायचं का?”

हॅसवेलने तिच्याकडे पाहिलं. त्याचा राग उतरताना दिसला.

“हो,” तो म्हणाला. “तुमचे वडील तेच करायचे.”

गॅरेथने घड्याळ पाहिलं. तिसरा अंक उद्या थेट प्रयोगातच, असं ठरवून त्याने तालीम संपवली. त्या ठरवण्यात हॅसवेलबद्दलची त्याची आशा संपली होती की वेळ, हे कोणी विचारलं नाही.

हॅसवेलने कॅन्टीनमधून दोन कप चहा मागवला. दोघं स्टेजच्या कडेला पाय सोडून बसले. समोर वेटर टेबलांवर पांढरे कापड अंथरत होते.

“पहिल्या दिवशी मी त्यांना हॅरी म्हणालो,” तो सांगू लागला. “सगळे म्हणायचे. ते वळलेच नाहीत. मी तीनदा म्हणालो. शेवटी स्टेज मॅनेजर म्हणाली, त्यांचं नाव हरिदास आहे. मी हरिदास म्हटलं, तेव्हा कुठे वळले. मला म्हणाले, ‘येस, मिस्टर हॅसवेल. नाऊ आय कॅन हिअर.’”

श्रावस्तीला हसू आलं. हा प्रसंग बाबांनी घरी कधी सांगितला नव्हता.

“माझे बूट बघायचे ते. बुटांत काय बघता, मी कितीदा विचारलं. म्हणायचे, ‘सांगितलं तर तुम्ही सांभाळाल.’” त्याने चहाचा घोट घेतला. “मीही तिथूनच सुरुवात केलीय, ठाऊक आहे? समुद्रकाठच्या एका गावात, सोळा वर्षांचा असताना. पडद्याच्या कोपऱ्यात वही घेऊन तीन वर्षं. आठवड्याला एक नवं नाटक. लोकांना मी एकदाही दिसलो नाही. कार्यक्रमपत्रिकेत विगवाल्याचं नाव असायचं, सिगरेट कुठल्या दुकानातून आणल्या त्या दुकानाचंही असायचं. वही धरणाऱ्याचं नाही. त्याचं नाव छापलं तर नट विसरतात असं कबूल केल्यासारखं होतं ना.”

“मग?”

“मग भाले धरले. मग दूत झालो. मग राजे. लंडनमध्ये बारा वर्षं राजे. अठ्ठावन्नमध्ये एका साहेबांनी बोलावून सांगितलं, तुमच्या आवाजाची फॅशन गेली. फॅशन! मी सिनेमात गेलो. तिथे घोड्यावर मेलो, दोनदा, मग तिथूनही काढलं. मग टेलिव्हिजनवर नऊ वर्षं डॉक्टर होतो. अजून बायका मला रस्त्यात थांबवून ब्लडप्रेशर सांगतात. एके दिवशी सकाळी वर्तमानपत्रात वाचलं, डॉक्टर मोटार अपघातात वारला. मला कोणी फोनसुद्धा केला नव्हता.” तो हसला, आणि त्या हसण्यात कीव मागणारं काही नव्हतं. “मिस गजभिये, मला तीनदा काढून झालंय. आता सवय आहे. पण मी आपण होऊन एकदाही गेलेलो नाही. उद्याही जाणार नाही.”

घरी आई खोकी बांधत होती. पुष्पलता नवऱ्याच्या व्हिसावर होती, आणि नवराच नाही म्हटल्यावर महिनाअखेर तिला कामठीला जाणं भाग होतं. हॉटेलने राहायला दिलेली खोलीही सोडायची होती. श्रावस्ती आपल्या व्हिसावर मागे राहणार होती, मैत्रिणीबरोबर. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब तेवढे अजून जागच्या जागी होते. ते शेवटी उतरवायचे, असं आईने ठरवलं होतं.

“उशी सापडली,” श्रावस्ती म्हणाली.

“कुठी?”

“फायरप्लेसच्या मागे.”

पुष्पलताने सुतळी दातांनी तोडली. “गोऱ्याच्या चुलीमागं! मी इथी घरभर हुडकून राह्यली. मले म्हनत, कोनं नेली असन वो उशी, मले का माहीत.” तिने खोक्यावर थाप मारली. “अन् तू कावून जाऊन बसून राह्यली तिथी? त्याइची हौस होती ते. ना त्या चुलीत आग, ना त्या चुलीवर भाकर. तुले का करा लागते?”

श्रावस्तीने तुटलेली सुतळी गुंडाळून ठेवली. दर जानेवारीत बाबा तीन दिवस घरचे नसत, याचा राग तिलाही होता. गेल्याच महिन्यात सनद भागात सदानंदकाकांच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. दहा जण बोलले. हरिदासभाऊंनी कोणाला नोकरी लावून दिली, कोणाच्या खोलीतला एसी रात्रीतून दुरुस्त केला, तरुणपणी कामठीत भीमजयंतीच्या जलशांना पेट्रोमॅक्स डोक्यावर घेऊन कसे उभे राहत. नाटकाबद्दल कोणीच बोललं नाही. कोणाला माहीतच नव्हतं.

आणि एक गोष्ट तिने स्वतः कोणाला सांगितली नव्हती.

हॉस्पिटलात शेवटच्या दुपारी बाबा म्हणाले होते, “श्रावस्ती, त्या…” आणि थांबले. ती घाईने पुढे वाकली होती. पाणी देऊ? नर्सला बोलावू? त्या गोळ्या? त्या फाइलीतले कागद? आईला फोन लावू? प्रत्येक वेळी त्यांनी मान हलवली, नाही. पाचव्यांदा मान हलवून त्यांनी डोळे मिटले. तिने एकदाही गप्प राहून पाहिलं नव्हतं. मधल्या सगळ्या जागेत ती बोलत राहिली होती.

वही सापडली तेव्हा आई म्हणाली होती, हेच सांगत असतील, त्या वहीचं. श्रावस्तीला ते पटलं नव्हतं. पटवून घेणं सोपं होतं म्हणूनच पटलं नव्हतं.

आता तिने वही उलटी धरली. मागच्या पुठ्ठ्याच्या आत, पाढ्यांच्या खाली, बाबांचं अक्षर होतं. इथपर्यंत ती पोचलीच नव्हती.

‘साहेब विसरले की डावी टाच उचलते. विचार करत असले की दोन्ही पाय रोवून. गोल काढला तिथे विचार. रेघ काढली तिथे विसर. तोंड पाहू नये. नटाचं तोंड खोटं बोलते. पाय नाही बोलत.’

तिने आईला वाचून दाखवलं. पुष्पलता ऐकत राहिली.

“खरं हाय,” ती शेवटी म्हणाली. “मले बी म्हनत, तुह्यी चाल बदलली का मले समजते का भांडन हाय.”

शुक्रवारी सकाळी नऊला श्रावस्ती ऑफिसात होती. तिने टाइपरायटरवर एक ओळ टाइप केली, झेरॉक्सवर तिच्या प्रती काढल्या आणि कात्रीने पट्ट्या कापल्या. एकशे ऐंशी. बँक्वेटमधली हैदराबादची बिल्किस दारात येऊन उभी राहिली.

“ये क्या कर रे तुम सुबे सुबे?”

“हर प्लेट पे एक रखनी है. प्रोग्राम के अंदर.”

बिल्किसने पट्टी उचलून वाचली. इंग्रजीत लिहिलं होतं, ‘प्रॉम्प्टर: हरिदास गजभिये.’ तिने पट्टी परत गठ्ठ्यावर ठेवली.

“मॅनेजर साब चिल्लाएंगे ना?”

“चिल्लाने दे.”

“तो आधे मेरे कू देओ,” बिल्किस म्हणाली. “तुम अकेले कब तक करते?”

साडेअकराला गॅरेथ एक पट्टी हातात घेऊन स्टेजवर आला. तो आता हसत नव्हता.

“हे कोणी ठेवलं?”

“मी,” श्रावस्ती म्हणाली.

“मला तुमच्या दुःखाची कल्पना आहे. पण तो माणूस हयात नाही. प्रॉम्प्टर तुम्ही आहात. आणि तसंही आम्ही प्रॉम्प्टरचं नाव छापत नाही.”

“वही त्यांची आहे. मी फक्त वाचते.”

“तरीही, या काढून टाका. लोक यायच्या आत.”

“नाही,” ती म्हणाली. या शब्दाला तिने पुढे काही जोडलं नाही. आपण एवढ्यावरच थांबू शकतो याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

हॅसवेल आरशासमोर मिशी चिकटवत होता. न वळता म्हणाला, “राहू दे, गॅरेथ. पत्रिकेत एक मेलेला माणूस तू आधीच छापलायस. चौथ्या पानावर, माझ्या फोटोखाली. डॉक्टर.”

साडेबाराला लोक आले. सूप आलं, पहिला अंक झाला. मटण आलं, दुसरा झाला. जाळीमागे श्रावस्तीने वही मांडीवर घेतली होती आणि तिची नजर तपकिरी बुटांवरून हलत नव्हती. डावी टाच उचलली की शब्द. पाय रोवलेले असले की ओठ मिटलेले. कागदपत्रांच्या जागी तो गप्प झाला, बूट घट्ट उभे होते, ती श्वास रोखून बसून राहिली, आणि मग तो असं काही बोलला की अख्खी बॉलरूम हसली. काल तिने हाच घास काढून घेतला होता.

तिसऱ्या अंकात पुडिंग वाढून झालं होतं. मोठा मुलगा विचारतो, “बाबा, या एवढ्या घरात तुम्ही एकटे करणार तरी काय?” न्यायाधीश फायरप्लेसजवळ येतो. त्याचं उत्तर साधं आहे. ‘मी कप दोन मांडीन. आणि चहा एकातच ओतीन.’

हॅसवेल फायरप्लेसजवळ आला. बूट जाळीपासून हातभर अंतरावर थांबले. तो बोलला नाही.

डावी टाच उचलली.

श्रावस्तीने शब्दासाठी तोंड उघडलं आणि टॉर्चचा प्रकाश ओळीवर नेला. तिथे गोल नव्हता, रेघही नव्हती. लाल पेन्सिलीने, दोनदा अधोरेखित, लिहिलं होतं:

‘इथे थांब. टाच उचलली तरी.’

तिने तोंड मिटलं.

टाच वरच होती. बुटाचं चामडं पंजाशी दुमडलं होतं, आणि पाय अगदी बारीक थरथरत होता. तो विसरला होता. यात तिला तिळभर शंका नव्हती. बाहेर चमच्यांचे आवाज कमी झाले. मग बंद झाले. विंगेतून गॅरेथ वाकून फटीत बघत होता. तो ओठांनी, आवाज न करता म्हणत होता, दे, दे. तिने मान हलवली. त्याने हात पुढे केला, वही ओढून घेणार असल्यासारखा, आणि मग त्याच्या लक्षात आलं असावं की त्याला ती वाचता येणार नाही. रॉजर खुर्चीतून उठत होता. तो आता स्वतःच काहीतरी बोलून प्रसंग सावरणार, हे त्याच्या बुटांवरून कळत होतं.

ओळ तिच्या डोळ्यांसमोर होती. पहिला शब्द दिला असता तर सगळं पार पडलं असतं. तो दोह्याला गेला असता. आणि तिचं चुकलं, तर चौऱ्याहत्तर वर्षांच्या या माणसाला चौथ्यांदा काढायचं काम तिच्या गप्प बसण्याने केलेलं असेल.

तिने टॉर्चवर हात ठेवला. बोटं लाल दिसू लागली. मग तिने टॉर्च बंद केला.

किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. टाच हळूहळू खाली आली. जमिनीला टेकली.

“मी कप दोन मांडीन,” हॅसवेल म्हणाला. आवाज लहान होता, कोणाला ऐकवण्यासाठी नसलेला, आणि तो शेवटच्या टेबलापर्यंत गेला. “आणि चहा एकातच ओतीन.”

कोणी टाळी वाजवली नाही. पुडिंगचा चमचाही कोणी उचलला नाही. रॉजर खुर्चीत परत बसला.

प्रयोगानंतर ती मेकअपच्या खोलीत गेली तेव्हा हॅसवेल एका गालावरचा रंग पुसून बसला होता. दुसरा गाल अजून न्यायाधीशाचा होता. दार ढकलून गॅरेथ आत आला.

“लेनर्ड, तो पॉज!” तो म्हणाला. “जबरदस्त. मला क्षणभर वाटलं होतं की… असो. दोह्यात तसाच ठेवा. हुबेहूब.”

“बघतो,” हॅसवेल म्हणाला.

गॅरेथ गेल्यावर त्याने कापूस खाली ठेवला.

“काहीच नव्हतं,” तो म्हणाला. “कोरं. मी न्यायाधीश आहे हेसुद्धा माहीत नव्हतं.”

“मला माहीत होतं.”

“आणि तरी तुम्ही बोलला नाहीत.”

“वहीत ‘थांब’ लिहिलं होतं.”

त्याने मिशी ओढून काढली. “आधीची चारही वर्षं, याच जागी ते गप्प राहिले,” तो म्हणाला. “पहिल्या वर्षी प्रयोगानंतर मी त्यांना शिव्या घातल्या. फायरप्लेसला लाथ मारली, ते भोक अजून असेल. म्हटलं, तुम्ही झोपला होतात का? तर ते म्हणाले, ‘बाकी ठिकाणी तुम्ही विसरता, साहेब. इथे तुम्ही कुठंतरी जाऊन येता. मी बोललो तर अर्ध्या वाटेतून परत याल.’” त्याने दुसऱ्या गालाला कापूस लावला. “माझी बायको त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. ते मी इथे कोणाला सांगितलं नव्हतं.”

खोलीत एसीचा आवाज येत होता. बाबांनी बसवलेला एसी.

“दोह्यात जाळीमागे कोण बसणार?” तिने विचारलं.

“कोणी नाही.”

“मग अडलात तर?”

“तर अडेन. उभा राहीन. लोक जेवायला बसलेत, जातील कुठे?” त्याने तिच्याकडे वळून पाहिलं. “आता तरी सांगा. बुटांत काय बघायचे ते?”

श्रावस्तीने वही छातीशी धरली.

“सांगितलं तर तुम्ही सांभाळाल,” ती म्हणाली.

हॅसवेल एवढ्या मोठ्याने हसला की बाहेरून बिल्किसने दारात डोकावून पाहिलं.

ती घरी आली तेव्हा हूऱ्यातल्या मशिदीत सूर्यास्ताची, मगरिबची अजान चालू होती. खोलीत खोकी छतापर्यंत गेली होती. तिने निळी उशी कॉटवर ठेवली. आई लोखंडी कपाटाच्या वरच्या फळीवरून बाबांचा स्वेटर काढायला हात लांब करत होती, अनवाणी, दोन्ही टाचा उचलून.

“झालं का वो तुह्यं नाटक?”

“झालं.”

“थो म्हातारा?”

“जातो दोह्याला.”

पुष्पलताचा हात स्वेटरपर्यंत पोचला. तिने तो ओढला नाही. फळीवर हात तसाच ठेवून, कपाटाकडेच तोंड करून ती म्हणाली, “तुह्या बाबाइले ना…”

आणि थांबली.

श्रावस्तीच्या जिभेवर तीन प्रश्न तयार होते. स्वेटर मी काढू? पाणी हवं? बसतेस का? तिने हातातली वही खोक्यावर ठेवली, आवाज होणार नाही अशी. मग ती उभी राहिली, दोन्ही पाय रोवून, आणि आईच्या टाचांकडे बघत राहिली.